पैसे अडकलेत कोल्हापुरात, राहतो निपाणीत: कलाकाराला परवडणारा वकील कसा मिळेल?

रेषा_निपाणी
निपाणीत राहून चित्रं आणि डिझाईनची कामं करतो. कोल्हापूरच्या एका आयोजकाने कार्यक्रमासाठी सहा रेखाचित्रं आणि एक पोस्टर करून घेतलं. ठरले होते ४८,०००, हातात आले १५,०००. बाकीच्या ३३,००० चा चेक दिला, तो गेल्या आठवड्यात ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ म्हणून परत आला. त्यात भर म्हणजे तीच चित्रं टी-शर्टांवर छापून विकायला लागलेत, ज्याचं बोलणंच झालं नव्हतं. लेखी करार नाही. कोटेशन, होकार, दुरुस्त्या सगळं व्हॉट्सॲपवर, मराठीत. वर्षाची कमाई अडीच लाखांच्या आत आहे. मोफत किंवा कमी खर्चात वकील मिळेल का? कोल्हापूरला खेटे घालावे लागतील का? आणि इथल्या कोर्टात कन्नड-इंग्रजी चालतं, मग मराठी कागदांचं काय करायचं?

वकील_चिकोडी
दादा, आधी चेकचं बघा, कारण त्याची मुदत धावायला लागलीय. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत आयोजकाला लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात फौजदारी तक्रार, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं. नोटिशीचे ३० दिवस हुकले की माफी नाही.

नोटीस वकिलानेच पाठवली पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. स्वतःच्या सहीने पाठवली तरी चालते. चेक नंबर, तारीख, बँक, परतीचं कारण आणि मागणी ३३,०००, अगदी चेकवरचाच आकडा. टी-शर्टांची भरपाई त्यात मिसळून ‘एकूण एक लाख द्या’ असं लिहिलं की नोटीस बाद होण्याची भीती असते, आणि नोटीस बाद तर केसही बाद. पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा (रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झालंय), पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट जपा. मसुदा तपासून हवा असेल तर खासगी वकिलाला फक्त नोटिशीपुरतं काम सांगा आणि फी आधी बोलून घ्या.

कोल्हापूरला जायची गरज नाही. ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात तुम्ही चेक भरला, त्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात तक्रार होते. २०१५ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट झालंय. खातं निपाणीत असेल तर केस निपाणीत, यायचं आयोजकाने.

आता वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. कर्नाटकात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख, म्हणजे तुम्ही बसता. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांचं उत्पन्न पाहिलंच जात नाही, हे इथल्या भगिनी कलाकारांनी विशेष लक्षात ठेवावं. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे, किंवा बेळगावच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. १५१०० वर फोन केला तरी मार्गदर्शन मिळतं. सोबत आधार, नाडकचेरीतला (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) उत्पन्नाचा दाखला (नसेल तर प्रतिज्ञापत्र), कागदांच्या झेरॉक्स आणि तारीखवार एक पान टिपण. त्या एका पानानेच पुढचं निम्मं काम सोपं होतं. निर्णय ७ दिवसांत द्यायचा नियम आहे, नाकारला तर अध्यक्षांकडे अपील करता येतं.

मंजूर झाल्यावर वकिलाची फी, कोर्ट फी, समन्सचा खर्च, कागदांचं भाषांतर हे सगळं त्या मदतीत येतं. मराठी कागदांची चिंता त्यातच सुटते, फक्त अर्जात ‘भाषांतरही हवे’ असं स्पष्ट लिहा. नेमलेला वकील वर पैसे मागायला लागला तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. ते स्वतः न्यायाधीश असतात.

लोकांचं चुकतं ते इथे: अर्ज करून मंजुरीची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात ३० दिवस उलटतात. नोटीस आधी टाका, अर्ज मागाहून.

शाई_टिळकवाडी
टी-शर्टांचा विषय पूर्ण वेगळा ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पैसे देऊन करून घेतलेला फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा एनग्रेव्हिंग असेल तर, वेगळं काही ठरलं नसल्यास, पहिला मालक गिऱ्हाईक असतो. फोटोग्राफर मंडळी इथेच अडकतात. पण रेखाचित्र त्या यादीत नाही, त्यामुळे त्याचा पहिला मालक तुम्ही. समोरचा वकील तुमच्या कामाला पेंटिंग म्हणून बघेल, म्हणून पेन्सिलचे कच्चे आराखडे आणि लेयर असलेल्या मूळ फायली तारखांसकट सांभाळा. नोटिशीत आणि बिलातही ‘रेखाचित्र’ हाच शब्द ठेवा.

मालकी दुसऱ्याला द्यायची तर सहीचा लेखी कागद लागतो (कलम १९). तो नाही, म्हणजे आयोजकाला फार तर त्या कार्यक्रमाच्या प्रसिद्धीपुरता वापर मिळाला, विक्रीचा नाही. दाव्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. करायचीच तर कलाकृतीला ५०० रुपये, मालावर वापरायची असेल तर २,०००, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. दावा तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो (कलम ६२), म्हणजे इथेही बेळगाव जिल्हाच.

एक खड्डा आहे. मुळात कापडावर छापण्यासाठीच केलेलं, डिझाईन कायद्याखाली नोंदता येण्यासारखं पण न नोंदलेलं डिझाईन तुमच्या परवानगीने ५० पेक्षा जास्त नगांवर छापलं गेलं तर त्यातला कॉपीराइट संपतो (कलम १५). तुमचं काम पोस्टरसाठीचं आणि परवानगी नाही, म्हणून तूर्त सुरक्षित. पण ‘बरं, छापलेत तर छापलेत, पैसे तेवढे द्या’ असा मेसेज चुकूनही टाकू नका.

रेषा_निपाणी
खूप उपयोग झाला. व्हॉट्सॲप कोर्टात टिकेल का? फोन जुना झालाय, बदलणार होतो.

वकील_चिकोडी
फोन बदलू नका, निदान केस संपेपर्यंत तो सुरू राहील असा जपा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग: एक तुमच्या सहीचा, दुसरा तज्ज्ञाच्या सहीचा, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली नाही हे दाखवणारा तिचा खास सांकेतिक आकडा) लिहावी लागते. संपूर्ण संभाषण मीडियासह एक्सपोर्ट करून ठेवा. कापलेले स्क्रीनशॉट दिले की ‘मागचं-पुढचं लपवलंय’ ही हरकत ठरलेलीच. नंबर सेव्ह केलेल्या नावाऐवजी आकड्यांत दिसेल असं एक पान काढा. टी-शर्टही एक विकत घ्या, बिलासकट. तो पुरावा पुन्हा मिळायचा नाही.

हिशेब_खानापूर
पुढच्या कामांसाठी सांगतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, कलाकारही सेवा देणारा म्हणून करू शकतो. मग ४५ दिवसांच्या वर पैसे थकवणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि अर्ज तुमच्या राज्याच्या सुविधा परिषदेपुढे (लहान उद्योगांची थकबाकी सोडवणारी सरकारी परिषद) होतो, गिऱ्हाईक भारतात कुठलंही असो. सीमेवरच्या माणसाला यासारखी सोय नाही बघा. मात्र नोंदणी काम ठरण्याच्या आधीची हवी. आज नोंदवून या थकबाकीला लावता येणार नाही.

कोटेशनच्या खाली तीन ओळी टाका: वापर कशासाठी आणि किती काळ, अर्धे पैसे आधी, वाद झाल्यास निपाणीचं न्यायालय. ‘मंजूर’ असं उत्तर आल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. गायक-वादकांनी सुपारी घेतानाही तेच करावं, त्यात ‘चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायला वेगळी लेखी परवानगी’ ही ओळ वाढवावी. सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षांचा असतो.

वकील_चिकोडी
एक राहिलं. चेकची केस बहुतेक वेळा लोकअदालतीत जाते. जाऊ द्या, पैसे लवकर सुटतात. पण तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. सहीआधी हप्त्यांच्या तारखा, एक हप्ता चुकला तर सगळी रक्कम एकदम देय, आणि मुख्य म्हणजे ‘उभय पक्षांतील सर्व वाद मिटले’ हे वाक्य नीट बघा. तसं असेल तर टी-शर्टांचा हक्कही त्यातच जातो. त्याऐवजी ‘फक्त या चेकपुरता वाद मिटला’ असं लिहून घ्या. मसुदा कन्नडमध्ये असेल तर आधी वाचून मराठीत सांगायला लावा.