पाच खेळाडू, पाच आवडी: एका टेबलावर खेळाची शैली कशी ठरवायची?

पाचवा_फासा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. पाच खेळाडू, पात्रं तिसऱ्या लेव्हलची, आठवड्याला साडेतीन तासांचं एक सेशन. कॅम्पेन (अनेक सेशनची सलग कथा) अजून सुरू व्हायचं आहे, म्हणून आत्ताच विचारतोय.

दोघांना ग्रिडवरची डावपेचांची लढाई आवडते. एकीला पात्र जगायचं आहे: दरबार, वाटाघाटी, जुनी वैरं. एकाला नकाशा काढत अनोळखी जागा धुंडाळायच्या आहेत. पाचव्याला फक्त मित्रांसोबत बसून फासे टाकायचे आहेत, नियम पाठ करायचे नाहीत.

सगळ्यांसाठी थोडं थोडं ठेवलं, तर प्रत्येक जण बराच वेळ आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळत बसेल असं वाटतं. आवड नेमकी ओळखायची कशी? आणि ती ओळखल्यावर नियमांत काय बदलायचं?

वीसमुखी

आधी एक फरक लक्षात घ्या. काही आवडी शेजारी शेजारी नांदतात, काही एकमेकींना मारतात. लढाई आणि दरबार एकाच सेशनमध्ये सहज बसतात. पण एकाला "फाशाने पात्र मेलं तर मेलं" हवं असेल आणि दुसरीला "माझ्या संमतीशिवाय पात्र मरायचं नाही" हवं असेल, तर वेळ कितीही वाटून दिला तरी उपयोग नाही. भांडण होतं ते अशाच ठिकाणी.

खेळाडूंचे प्रकार पाडण्याचा प्रयत्न जुना आहे. ग्लेन ब्लॅकाऊ यांनी १९८० सालीच चार प्रवृत्ती मांडल्या होत्या: भूमिका जगणं, कथा घडवणं, ताकद वाढवणं आणि युद्धखेळ. पण "तुला काय आवडतं?" असं सरळ विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण "रोलप्ले आणि चांगली कथा" असंच सांगतो. त्यामुळे लेबलं विचारू नका, पेच घाला. पहिल्या बैठकीत, पात्रं बनवण्याआधी, प्रत्येकाकडून कागदावर उत्तरं घ्या. तोंडी विचारलं की पहिल्याचं उत्तर बाकीचे उचलतात.

१. शत्रूचा शेवटचा वार नैसर्गिक २० (वीसमुखी फाशावर थेट २०) पडला आणि तुमचं पात्र मरतंय. डीएमने (डाव चालवणाऱ्याने) पडद्यामागे तो आकडा बदलावा का?
२. दारावर कोडं आहे. ते तुम्ही सोडवायचं, की पात्राच्या इंटेलिजन्सवर फासा टाकायचा?
३. खलनायक दुसऱ्याच सेशनला हाती लागला आणि तुम्ही त्याला मारू शकता. मारू द्यावं, की तो निसटावा?
४. तुमचं पात्र साथीदारांपासून काही लपवत असेल, तर ते बाकीच्या खेळाडूंना माहीत असलेलं चालेल का?
५. वाट चुकल्यामुळे अर्धं सेशन रिकामं गेलं. हा खेळाचा भाग, की डीएमची चूक?

१ आणि ३ मध्ये उत्तरं फाटली तर तिथे मध्यममार्ग शोधू नका. एकच नियम ठरवा आणि तो पहिल्या दिवशीच जाहीर करा. माझं मत विचाराल तर फासे उघड्यावर टाका. आकडा बदलला जातोय असा नुसता संशय आला, तरी डावपेच आवडणाऱ्या दोघांचा खेळातला रस संपतो. २ मध्ये मात्र तडजोड सोपी आहे: खेळाडूने विचार करायचा, आणि फासा जमला तर एक इशारा मिळायचा.

दिवटी

धुंडाळणाऱ्या खेळाडूवर सगळ्यात जास्त अन्याय होतो, आणि तो डीएमच्या हातून नाही, नियमांतून होतो. म्हणून यावर जरा लांबण लावते.

१९८१च्या बेसिक नियमांत शोधाला घड्याळ होतं. दहा मिनिटांचा एक टर्न. मशाल सहा टर्न जळते. दर दोन टर्नांनी डीएम सहाचा फासा टाकतो आणि १ पडला की भटका राक्षस समोर येतो. शिवाय एका सुवर्णनाण्याला एक एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभवगुण), तर गॉब्लिन मारल्याचे जेमतेम पाच. त्यामुळे लढाई टाळून खजिना बाहेर काढणं हाच शहाणपणा ठरायचा, आणि बाजूचा भुयारी रस्ता शोधणारा खेळाडू गटाचा हिरो व्हायचा.

पाचव्या आवृत्तीत गॉब्लिनचे ५० एक्सपी आणि सोन्याचे शून्य. वर लाइट हा कॅन्ट्रिप (हवा तितक्यांदा टाकता येणारा साधा मंत्र) तासभर फुकट उजेड देतो. गुडबेरी या स्पेलने (मंत्राने) दहा बेरी मिळतात आणि एकेक बेरी एका माणसाला दिवसभर पुरते. आउटलँडर पार्श्वभूमीचं पात्र स्वतःसकट सहा जणांचं अन्नपाणी शोधतं. एवढं असताना "शिधा मोजा" म्हणणं हा नुसता हिशेब होतो, त्यात निर्णय उरत नाही.

शिधा सोडा, वेळ मोजा. टेबलावर सहा घरांची पट्टी ठेवा. एक घर म्हणजे दहा मिनिटं. खोली नीट शोधली, कुलूप उघडलं, रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून, स्पेल टाकला (त्याला नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतातच) की एक घर पुढे. दर दोन घरांनी सगळ्यांसमोर सहाचा फासा. आता "हे थडगं उघडायचं का?" या प्रश्नाला किंमत येते.

डार्कव्हिजनचा (अंधारात बघण्याच्या क्षमतेचा) अर्धा नियम बहुतेक टेबलांवर विसरला जातो: त्या नजरेला गडद अंधार मंद उजेडासारखा दिसतो, म्हणून बघण्यावर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला (काही नजरेत येतं का ते ठरवणाऱ्या फाशाला) डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी तो धरायचा) आणि पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरायचा आकडा) पाचने कमी. हे लावलं की मशाल पुन्हा कामाची होते, कारण तिच्याशिवाय सापळे निसटतात.

आणि एक्सपीचा नियम बदला. नवीन जागा सापडली, गुपित उलगडलं, की लढाईइतकेच एक्सपी सगळ्या गटाला द्या. एकट्याला देऊ नका, नाहीतर गट फुटून चार जण चार दिशांना जातात.

चौकटवाला

लढाई आवडणाऱ्या दोघांसाठी लढाया वाढवू नका, लढाईतला मेलेला वेळ कमी करा. पाच खेळाडू आणि डीएम, प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तर एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) १२ मिनिटांचा. चार राउंड म्हणजे ४८ मिनिटं. वेळ एका मिनिटावर आणला की तीच लढाई २४ मिनिटांत होते. त्यासाठी तीन गोष्टी पुरतात: इनिशिएटिव्हचा, म्हणजे पाळ्यांचा, क्रम सगळ्यांना दिसेल असा लावा, "आता हिची पाळी, पुढे तू तयार राहा" असं मोठ्याने सांगा, आणि हल्ल्याचा व डॅमेजचा फासा एकदम टाकायला लावा.

ताकदीचा हिशेब करताना लोक एक पायरी गाळतात. तुमच्या गटासाठी मध्यम लढाई ७५० एक्सपीची, कठीण ११२५ची, प्राणघातक २०००ची. सहा ऑर्क म्हणजे ६०० एक्सपी, पण तीन ते सहा शत्रूंना दुपटीचा गुणक लागतो, म्हणजे १२००. कागदावर सोपी दिसणारी लढाई प्रत्यक्षात कठीण आहे. गुणकाचं कारण साधं: सहा शत्रू म्हणजे एका राउंडला सहा वार.

मोकळ्या मैदानात सहा ऑर्क उभे केलेत तर मात्र डावपेच शून्य. उंचवटा, अरुंद पूल, पाच फुटांचा एखादा आडोसा, आणि मारामारीपलीकडचं उद्दिष्ट (तीन राउंडांत दरवाजा बंद करायचा, कैदी जिवंत बाहेर काढायचा) असं काहीतरी हवंच.

दिवटी यांच्या घड्याळाला माझा पाठिंबा आहे, पण एक अडचण सांगतो. हे नियम खेळातल्या दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया धरून बांधलेत. साडेतीन तासांत तेवढ्या होत नाहीत. दिवसाला एकच लढाई ठेवली तर विझर्ड सगळे मोठे स्पेल पहिल्याच लढाईत उडवतो आणि शॉर्ट रेस्टवर (तासाभराच्या विश्रांतीवर) जगणारे वॉरलॉक, फायटर मागे पडतात. उपाय असा की खेळातला एक दिवस दोन-तीन सेशनवर पसरू द्या. सेशन संपलं म्हणजे लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) झाला, असं नाही.

शब्दपाल

त्यापेक्षा विश्रांतीचा एक पर्यायी नियम (शॉर्ट रेस्ट आठ तास, लाँग रेस्ट सात दिवस) मला जास्त योग्य वाटतो. दरबारी कथेत आठवड्याला एखाद-दुसरीच लढाई होते, तिथे तो चपखल बसतो. फक्त आठ तास टिकणाऱ्या मेज आर्मरसारख्या स्पेलांची मुदत वाढवून द्या, नाहीतर विझर्डला दर लढाईसाठी वेगळा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) खर्चावा लागतो.

पात्र जगू इच्छिणाऱ्या खेळाडूबद्दल एक गैरसमज नेहमी होतो: तिला आवाज बदलून बोलायला संधी हवी असते. तिला खरं तर असे निर्णय हवे असतात, जे तिच्या पात्राने घेतल्यामुळे जग बदलतं. त्यासाठी वेगळं तासभर दरबार भरवायची गरज नाही. चौकटवाला यांच्या लढाईतला ऑर्कांचा म्होरक्या तिच्या भावाचा मारेकरी असू द्या, आणि दुसऱ्या राउंडला तो शरण येऊ द्या. लढाई तीच, पण आता त्या दोघांना आणि तिला एकाच वेळी काम आहे.

वाटाघाटीत "पर्स्वेजन (मन वळवण्याचा फासा) टाक" लगेच म्हणू नका. आधी समोरच्याची वृत्ती ठरवा: मित्रभाव, तटस्थ की वैरभाव. मग तिला बोलू द्या. समोरच्याची भीती किंवा स्वार्थ तिने बरोबर हेरला तर वृत्ती एक पायरी वर. फासा शेवटी. फाशाची बेरीज बघा: तटस्थ माणूस १०ला धोका नसलेलं काम करतो, २०ला किरकोळ धोका पत्करतो. वैरभाव असलेला २०लाही धोका पत्करत नाही. त्यामुळे राजाकडून फाशाच्या जोरावर मुकुट मागणं आपोआप बंद होतं.

पाचवा_फासा

पेचांचे प्रश्न आणि सहा घरांची पट्टी दोन्ही घेतोय. पण पाचव्या खेळाडूबद्दल कोणी बोललं नाही. त्याला लढाईत काय द्यायचं?

वीसमुखी

चॅम्पियन फायटर. तिसऱ्या लेव्हलला १९ आणि २० दोन्हींवर क्रिटिकल (दुप्पट फाशांचा वार), आणि त्यापलीकडे लक्षात ठेवायला फारसं काही नाही. ॲक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि सेकंड विंड (थोडा जीव परत) यांची दोन कार्डं करून त्याच्यासमोर ठेवा, वापरलं की उलटं करायचं.

त्याला सल्ल्यांचा भडिमार होणार नाही याची मात्र काळजी घ्या. डावपेच आवडणारे दोघे त्याची पाळी खेळायला लागतात, आणि तो शांतपणे यायचा थांबतो. पाळी ज्याची, त्यानेच बोलायचं. सल्ला त्याने मागितला तरच द्यायचा. दर दोन घरांनी टाकायचा तो सहाचा फासाही त्याच्याच हातात द्या.