मॅडिसनची सही असलेली सनद घ्यावी का? मदत हवी आहे

मंडळी, जुन्या कागदपत्रांतलं कळणारं कोणी आहे का इथे? मी न्यू जर्सीत राहतो, इथल्या एका डीलरकडे १८१३ ची लष्करी नेमणुकीची सनद बघितली, इन्फन्ट्रीतल्या एका लेफ्टनंटची, म्हणजे ऐन १८१२ च्या अमेरिका-ब्रिटन युद्धातली. खाली राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसनची सही आणि युद्धमंत्री जॉन आर्मस्ट्राँगची पण. आर्मस्ट्राँग १८१३-१४ मध्येच त्या पदावर होता, त्यामुळे तारीख तरी जुळते. वर गरुड, खाली तोफा-झेंड्यांचं छापील चित्र, बघूनच जीव अडकला!

पण गोची अशी की सनद वेलमवर आहे, म्हणजे न कमावता, चुन्यात भिजवून आणि ताणून वाळवलेलं कातडं, त्यावर शाई कागदासारखी मुरत नाही, वरच बसते आणि खपल्या निघतात, तर मॅडिसनची सही पार फिकी झालीय आणि 'एम' मात्र जरा जास्तच काळा दिसतोय. मला डाऊट येतोय की मागे कोणीतरी वरून गिरवलंय. डीलर म्हणतो ओरिजिनल आहे, तो म्हणणारच म्हणा.

गिरवलेलं घरच्या घरी कसं ओळखायचं, भिंग पुरेल का यूव्ही टॉर्च घेऊ? आणि घडीच्या रेषा सपाट करायला कोणाकडे द्यायचं? बायको म्हणते इस्त्री फिरव, पण उष्णतेने कातडं आक्रसतं हो. फ्रेम तर यूव्ही अडवणाऱ्या काचेचीच करणार, तेवढं माहितीये. शनिवारपर्यंत त्याला हो-नाही सांगायचंय.