गोलावर १००० ठिपके सारखे पसरवायचेत, रँडम केलं तर गुच्छ होतायत

टिंबटिंब:
एका अ‍ॅनिमेशनसाठी गोलाच्या पृष्ठभागावर १००० ठिपके हवेत, सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत एवढीच अट. अक्षांश -९० ते ९० मधून रँडम घेतला, रेखांश ० ते ३६० मधून, आणि टाकले. तर दोन्ही ध्रुवांवर ही झुंबड आणि विषुववृत्तावर शुकशुकाट. रँडम फंक्शन बदलून पाहिलं, तेच. काय चुकतंय?

उलटाशंकू:
रँडम फंक्शनला कशाला बोल लावताय, त्याचा दोष नाही. ८० ते ९० अक्षांशाचा पट्टा म्हणजे ध्रुवावरची इवलीशी टोपी, आणि ० ते १० चा पट्टा गोलाच्या पोटाभोवतीचा लांबलचक पट्टा, पण तुम्ही दोघांना सारखेच ठिपके वाटताय, मग टोपीत दाटी होणारच. अक्षांश सोडा, उंची घ्या. झेड -१ ते १ मधून रँडम, कोन ० ते ३६०, झालं. गोलाचे सारख्या उंचीचे आडवे काप केले तर प्रत्येक कापाच्या वरच्या सालीचं क्षेत्रफळ सारखंच येतं, हे आर्किमिडीजपासून माहिती आहे.

टिंबटिंब:
भारी! ध्रुवावरची गर्दी गेली. पण आता जिथे तिथे छोटे छोटे पुंजके आणि मध्येच टक्कल पडल्यासारखी मोकळी जागा. अजून काही बिघडलंय का?

कोपरा३:
नाही, रँडम असंच असतं. १०० खणांत १०० दाणे डोळे मिटून फेकले तर सरासरी ३६-३७ खण रिकामेच राहतात, कारण नव्या दाण्याला आधीचे कुठे पडलेत ते ठाऊकच नसतं. प्रत्येक खणात एकेक पडला तर उलट मला संशय येईल. तुम्हाला रँडम नकोच आहे मुळात, तुम्हाला समान हवंय, लोक या दोन गोष्टींची कायम गल्लत करतात.

सोनेरी कोन वापरा. i ० पासून ९९९ पर्यंत, झेड = १ - (२i+१)/१०००, आणि दर ठिपक्याला १३७.५ अंश पुढे फिरायचं. सूर्यफुलाच्या बियांसारखी नक्षी येते. चार ओळींचा कोड.

रिकामारकाना:
मग सरळ ग्रिडच का नाही? चौरसात तरी ग्रिडपेक्षा समान काय असणार.

उलटाशंकू:
असं वाटतं खरं. पण ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ ठिपक्यांची ग्रिड घ्या आणि दोन उभ्या रांगांच्या मधली पट्टी बघा. क्षेत्रफळ जवळपास ३ टक्के, म्हणजे तिच्यात ३२ च्या आसपास ठिपके यायला हवेत, आहेत किती? शून्य. आता दुसरी रचना: एक्स = i/१०२४, आणि वाय काढायला i बायनरीत लिहून उलटा करायचा. ६ म्हणजे ११०, उलटा ०११, बिंदूनंतर ठेवला की बायनरीतला ०.०११, म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यांत ३/८. (१, २, ३ घेतले तर १/२, १/४, ३/४, म्हणजे दर वेळी मोकळ्या जागेत जाऊन बसतो.) हिच्यात तीच पट्टी कुठेही ठेवा, ३२ च्या आगेमागेच सापडतील. नुसत्या डोळ्याला ग्रिड जास्त नीटनेटकी दिसते ही गंमत.

आणि परफेक्ट रचना नाहीच. क्लाऊस रॉथ या गणितज्ञाने १९५४ मध्ये सिद्ध केलंय की ठिपके कसेही मांडा, कुठला ना कुठला आयत असा निघतोच की त्यातली मोजणी क्षेत्रफळाशी जुळत नाही, आणि ठिपके वाढवत गेलं तर ही तफावत कुठल्याच आकड्याच्या आत राहत नाही, फक्त फार हळू वाढते.

कोपरा३:
गोलावर तर अजून वांधे. प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी, असं जाळं गोलावर बसतच नाही, पाच शेजारीवाले निदान १२ लागतातच, फुटबॉलवरचे १२ पंचकोन मोजून बघा.

८ ठिपके एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब ठेवायचे तर कसे ठेवाल? मी बिनधास्त घन म्हटलं होतं आणि तोंडावर आपटलो. त्रिज्या १ धरली तर घनात शेजारी १.१५५ वर येतो. वरचा चौरस ४५ अंश फिरवा, उंची जराशी जुळवून घ्या, १.२१५ पर्यंत जातं. परागकणांवरच्या छिद्रांवरून टॅमेस नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३० मध्ये हा प्रश्न काढला होता.

टिंबटिंब:
सोनेरी कोन टाकला, एकदम झकास दिसतंय. पण एक अडचण, ठिपके एकेक करून वाढत जाणारेत, शेवटी किती होतील माहीत नाही, आणि त्या सूत्रात १००० आधीच भरावे लागतात.

उलटाशंकू:
मग हॅल्टन नावाची आकड्यांची मालिका घ्या. उंचीसाठी i बायनरीत उलटा, कोनासाठी तोच i तीनच्या पायात (म्हणजे फक्त ०, १, २ अंकांत लिहून) उलटा. कुठेही थांबवलं तरी बऱ्यापैकी समान राहतं, सोनेरी कोनाएवढं देखणं नाही दिसणार एवढंच. i १ पासून सुरू करा, ० दिला तर पहिला ठिपका थेट ध्रुवावर जाऊन बसतो.