खापर एकट्या मोबाईलवर नको

मुलं मोठी होताना मैदानी खेळ का सोडतात, असं विचारलं की सगळेजण मोबाईललाच धरून बसता, पण आमच्या लेकीचं खेळणं सुटलं तेव्हा तिच्याकडे मोबाईल नव्हताच. पाचवीपर्यंत शिवाजी पेठेतल्या गल्लीत पोरांबरोबर फुटबॉल, ढोपरं कायम सोललेली. सहावीत क्लास लागला, साडेपाच ते साडेसात. म्हणजे नेमका खेळायचा वेळ. सातवीत पाळी आली आणि सासूबाईंचं "आता पोरांत कशाला?" सुरू झालं. मीही गप्प बसले, ही चूक माझीच.

शिवाय बारा-तेराव्या वर्षी मैदानावर संघात निवडलेलेच उरतात, बाकीचे कडेला बसून मॅच बघतात. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात सुद्धा!

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. २०१६ च्या जगभरच्या आकडेवारीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं त्यात कमी पडली. मुलगे ७८ टक्के, मुली ८५. हा फरक काही मोबाईलनं पाडलेला नाही.

आता रविवारी पहाटे आम्ही दोघी रंकाळ्यावर चालायला जातो. परवा म्हणाली, "मम्मी, पुढच्या वेळी बॉल घेऊया की."