पाट्याच्या छोट्या ट्रेलरला घरीच शॉकअप बसवायचेत, माप कसं काढायचं?

खारावारा:
एका अ‍ॅक्सलचा कॅम्पिंग ट्रेलर, भरल्यावर साधारण 650 किलो. कमानपाटे आहेत, शॉकअप नाहीत. आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाताना प्रत्येक गतिरोधकानंतर डुलतच राहतो, आतली कपाटं उघडतात. ड्रिल आणि वेल्डिंग मशीन घरी आहे. शॉकअप कुठला घेऊ, ब्रॅकेट कुठे लावू?

पाटाबुश:
दुकानात जायच्या आधी माप. टाकी भरा, नेहमीचं सामान ठेवा, ट्रेलर सपाट जागी उभा करा. शॉकअपची टोकं ज्यांवर बसतात त्या वरच्या (चेसिसवरच्या) आणि खालच्या (अ‍ॅक्सलजवळच्या) पिनच्या जागा ठरवून मधलं अंतर मोजा. समजा ते 370 मिमी आलं आणि अ‍ॅक्सल ते रबरी बंप स्टॉप (पाटा पूर्ण दबल्यावर अ‍ॅक्सल जिथे टेकतो तो ठोकळा) 50 मिमी आहे. म्हणजे पूर्ण दबल्यावर 320. मिटलेली लांबी 290 असलेला शॉकअप चालेल, 315 वाला नको. मग चेसिस जॅकवर उचलून चाक लोंबकळू द्या आणि परत मोजा. 420 आलं तर उघडी लांबी 440 तरी हवी, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात चाकाचं ओझं शॉकअपच्या दांड्यावर येतं आणि सील जातं.
छोट्या हॅचबॅकचा मागचा शॉकअप या वजनाला पुरतो. ट्रकचा लावलात तर ट्रेलर उड्या मारेल. आणि पाटे दबून सपाट झाले असतील तर आधी ते बदला, शॉकअप वजन उचलत नाही.

जांभाचिरा:
वेल्डिंग मशीन ऐकून धास्ती वाटली. अ‍ॅक्सलच्या नळीला वेल्ड करू नका, उष्णतेने नळी वाकते आणि टायर एका बाजूने झिजतात. खाली यू-बोल्टची पट्टी (पाटा आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळणारी) बदलून पिनवाली घ्या. वर 6 मिमीचं ब्रॅकेट चेसिसच्या उभ्या बाजूला बोल्टने, भोकं मधोमध. खालच्या काठाला भोक पाडलं की तिथून तडा जातो.
ट्रेलर उचलल्यावर खाली चिरे रचू नका. जांभा दाबाखाली भुगा होतो. लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळेच.

खारावारा:
वर जागा कमी आहे, शॉकअप तिरका लावला तर?

पाटाबुश:
उभ्या रेषेपासून 20-25 अंश चालतील. 45 अंशांवर जोर जवळजवळ निम्माच उरतो. साधा तेलाचा असेल तर दांडा वर, जाड नळी खाली ठेवा, आणि बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून हवा काढा.
सगळे चुकतात ते इथे: चाक लोंबकळत असताना पिनचे नट आवळतात. मग जमिनीवर आल्यावर पिनभोवतीचा रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नट हाताने लावा, ट्रेलर चाकांवर उतरवा, मग आवळा. वरच्या ब्रॅकेटला एम12, 8.8 ग्रेडचे बोल्ट, कोरड्या आट्यांना साधारण 80 न्यूटन-मीटर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) नवे. बुशला ग्रीस नको, रबर फुगतं.

जांभाचिरा:
समुद्राजवळ आहात तर भोकांच्या कडांना आधी प्रायमर. 100 किमीनंतर सगळं पुन्हा आवळा. खराब रस्त्यावरून आलात की लगेच दोन्ही शॉकअपना हात लावून पाहा. एक कोमट, दुसरा गार? गार आहे तो काम करत नाहीये.