काटकसरीने परदेश पाहण्यात अर्थ आहे का? (मध्य व्हिएतनाम)

सांगलीकर:
आम्ही दोघे नोकरदार असून मुलगी नववीत आहे. साठवलेल्या पैशांत युरोप बसत नाही आणि कर्ज काढून फिरणे आम्हांला पटत नाही, म्हणून मे महिन्यात सहल कंपनीशिवाय मध्य व्हिएतनामला जाण्याचा विचार आहे. नातेवाईकांचे म्हणणे असे की, साध्या खोलीत राहून आणि रस्त्यावर जेवून परदेश पाहण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत राजस्थान थाटात पाहावे. अशा प्रवासातून खरोखर काही हाती लागते का? आम्ही शाकाहारी आहोत.

पायवाट:
थाटच हवा असेल, तर नातेवाईकांचे म्हणणे रास्त आहे. परंतु तिथे स्वस्त सोयी म्हणजे बहुधा स्थानिक लोकांच्या रोजच्या सोयी असतात, आणि हाच त्यांचा लाभ. दा नांग शहरातून ह्वे शहराला मोटारीने गेलात, तर हाय व्हान घाटाखालच्या बोगद्यातून झटक्यात पलीकडे निघाल; आगगाडीचे साधे तिकीट काढलेत, तर गाडी डोंगराच्या कडेकडेने, खाली समुद्र ठेवून, अडीच-तीन तास रमतगमत जाते आणि समोरच्या बाकावर एखादे कुटुंब घरचा डबा उघडून बसलेले असते.

मुलीसाठी ‘मी सन’ हा जुन्या देवळांचा समूह चुकवू नका. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकांदरम्यान तिथे देवळे उभारली, त्यांतली बहुतेक शिवाची आहेत. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत त्यांतले सर्वांत मोठे शिखर जमीनदोस्त झाले. जीर्णोद्धार करणाऱ्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला २०२० मध्ये तिथेच नवव्या शतकातले अखंड शिवलिंग सापडले. आधी दा नांगचे चाम शिल्पसंग्रहालय पाहावे, म्हणजे रिकाम्या गाभाऱ्यांत काय होते याची कल्पना येते.

मुळामुठा:
जेवणाचे अडणार नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक बौद्ध शाकाहार करतात, त्यामुळे 'चाय' (Chay, म्हणजे शाकाहारी) अशी पाटी लावलेल्या खानावळी शहरांत सहज सापडतात. इतरत्र मात्र नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण साध्या पालेभाजीतही माशांचा सॉस पडलेला असतो. एकदा प्रवेश देणाऱ्या ई-व्हिसाचे सरकारी शुल्क २५ डॉलर आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरावा, मध्यस्थ त्यावर आपले पैसे लावतात.

जुना प्रवासी:
माझे मत थोडे वेगळे आहे. खोली आणि जेवण यांत जरूर वाचवा, पण प्रवासविमा टाळून किंवा लागोपाठ रात्रीच्या बसने फिरून वाचवलेला पैसा महागात पडतो, कारण दमलेल्या माणसाला देऊळ काय आणि बाजार काय, सारखेच. मे महिना तिथे कडक उन्हाचा, तेव्हा ‘मी सन’ला सकाळीच पोहोचावे. बेत दिवाळीच्या सुट्टीवर ढकलणार असाल, तर मात्र मध्य व्हिएतनाम सोडून द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथल्या होई आन गावाच्या जुन्या गल्ल्यांत अनेकदा पुराचे पाणी शिरते.