टाचेच्या कोपऱ्यातलं भोक

हाताने विणलेल्या मोज्यात टाचेच्या कोपऱ्यात भोक राहतंय, सगळं उसवू का, असं विचारलंत. भोकासाठी अख्खा मोजा उसवू नका हो! टाच वळली, म्हणजे तिचा गोल भाग विणून झाला, की अवघड भाग झालाच.

तुमच्या मोज्याच्या फेरीत ४८ टाके आहेत, म्हणजे टाचेची पट्टी (टाचेमागचा सपाट विणलेला तुकडा) निम्म्या, २४ टाक्यांची. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवलात, तर २४ ओळींत दोन्ही कडांना १२-१२ साखळ्या दिसतील. त्या प्रत्येकीतून एकेक नवा टाका सुईवर उचलायचाच, पण पट्टी आणि पायाचा वरचा भाग मिळतो त्या कोपऱ्यातून तेरावा टाका उचला. पुढच्या फेरीत हे सगळे टाके मागून सुई घालून पिळून विणा, की भोक मिटतं. तो जादाचा टाका नंतर घटवण्यात जातोच.

आणि निव्वळ सुती धागा नको. तो ताणला की परत आखडत नाही, मोजा घोट्यावर गोळा होतो. (मुंबईत लोकरीचे मोजे कशाला, असं आमच्या सासूबाई विचारतात. ऑफिसातला एसी त्यांनी कुठे पाहिलाय!)

लोकलमध्ये विणत असाल तर सुट्या सुयांऐवजी गोल सुई (वायरने जोडलेली दोन टोकं) घ्या. माझी एक सुई दादरला सीटखाली गेली, सोबत बारा टाकेही सुटले.